बाबांना मानवलेलं जयपूर

ऐंशीच्या दशकात बँकेने बाबांची जयपूरला बदली केली आणि पहिल्याच थंडीत त्यांचे गुडघे धरले. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. एवढा साधा उपाय बाबांना पटणं शक्यच नव्हतं, म्हणून ते झोटवाड्यातल्या एका वैद्यजींकडे गेले. त्यांच्या 'शुद्ध जडीबुटी'च्या पुड्यांनी बाबा आठवड्याभरात जिने चढू लागले. हळूहळू चेहरा गोल झाला, पोट सुटलं. शेजारी म्हणाले, "जयपूर मानवलं तुम्हाला." आम्हीही कौतुकाने माना डोलावल्या.

पुढे पोटात जड वाटू लागलं, म्हणून सोनोग्राफी केली. यकृतात चरबी निघाली.

"रोज किती पिता?" डॉक्टरांनी विचारलं. सुपारीही न खाणारे बाबा आईकडे बघू लागले. आईने पर्समधून पुडी काढली.

"यात स्टेरॉइड असणार. चेहराच सांगतोय," डॉक्टर म्हणाले. "ते पेशीतल्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, धरून थेट केंद्रकात शिरतं आणि यकृताला चरबी साठवायचा हुकूम सोडतं."

डॉक्टरांनी ते स्टेरॉइड हळूहळू कमी करत बंद केलं. वर्षभरात यकृत सुधारलं. मग बाबा जाब विचारायला गेले. वैद्यजींनी शांतपणे त्यांची नाडी धरली.

"साहब, गुस्सा बहुत है," ते म्हणाले. "उसकी भी पुडिया है."