पांढरा पडदा

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही. हिचं सगळं मला ठाऊक आहे, असं तो चारचौघांत सांगतो. दर वेळी वाटतं, आता बोलून टाकावं — आणि दर वेळी मी चहा टाकायला उठते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. कदाचित वाटेल, कॉम्प्युटरच्या पडद्याच्या रंगाचं काय घेऊन बसली ही बाई? तसंच वाटावं म्हणून मीही खूप वर्षं स्वतःची समजूत घातली.

जालन्यात एका इंजिनिअर सरांच्या ऑफिसात मी घरांचे नकाशे काढायची. दोन हजार साल अजून लागायचं होतं. कॉम्प्युटर एकच — सकाळी माझ्याकडे, जेवणानंतर रंगनाथ काकांकडे. काका राजूरहून बसनं यायचे. त्यांचा सगळा जन्म ड्रॉइंग बोर्डावर गेला होता, ट्रेसिंग पेपर आणि शाईच्या पेनात. पन्नाशी उलटल्यावर सरांनी त्यांच्या हातात माऊस दिला. शिकले बिचारे. पण नकाशाचं सॉफ्टवेअर उघडलं की पडदा काळाकुट्ट, आणि त्या काळ्यावरच्या बारीक रेघा त्यांना दिसेनात. डोळे अधू झाले होते. नोकरी जाईल म्हणून सरांपासून त्यांनी ते लपवलं होतं. मला माहीत होतं. ऑफिसात फक्त मलाच माहीत होतं — हे आधीच सांगून ठेवते.

"बाई, आपल्याला कागद पांढरा लागतो," ते म्हणाले. मी त्यांना सेटिंग बदलून दिलं. पडदा पांढरा, रेघा जाड, माऊसची फुली चांगली मोठी. खूश झाले. पण ते सॉफ्टवेअर कसं होतं माहीत आहे? जो शेवटी उठला, त्याचं सेटिंग लक्षात ठेवायचं. माणूस बदलला हे त्याला कुठून कळणार? सकाळी मी बसले की तो भगभगीत पांढरा पडदा माझ्या डोळ्यांवर यायचा. मग काकांना काही न सांगता मी मनाशी ठरवलं, की माझ्यापुरता काळा करायचा आणि उठताना त्यांच्यासाठी पांढरा करून ठेवायचा. ते मेनू इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं, काकांना ते जमायचं नाही.

काही महिने मी केलं. मग कंटाळा आला. दुसरा चांगला शब्द शोधून पाहिला, सापडला नाही — कंटाळाच. सॉफ्टवेअर शिकलेली मी, त्यांना शिकवलेलं मी, आणि उठताना आवराआवरही मीच करायची? एक दिवस पडदा तसाच काळा सोडून उठले. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं.

काकांनी विचारलं, "काल तर पांढरं ठिवून गेल्तो मी. मंग हे काळं कसं झालं?"

काय बिघडलं असतं खरं सांगितलं तर? मीच केलं काका, मला काळाच आवडतो — एवढंच तर म्हणायचं होतं. ते हसले असते. पण मी म्हणाले, "सॉफ्टवेअरला आठवत नाही, काका. रोज नव्यानं करावं लागतं." इतकं सहज निघालं तोंडातून की मलाच ते खरं वाटलं.

त्यांनी बिलकुल शंका घेतली नाही. मी रजेवर असले की पडदा त्यांनी ठेवला तसा पांढराच निघायचा. दुसऱ्या दिवशी कौतुकानं सांगायचे, "काल बराबर आठवलं बरं का त्याला." मला हसू यायचं, आणि मी ते दाबायचीही नाही. एरवी ते हाक मारायचे, मी तोंड वाकडं करून उठायची आणि पांढरं करून द्यायची. एका मिनिटाचं काम होतं.

आता तो दिवस. सांगायचं तर तेच आहे, आणि मी केव्हाची मेनू आणि फुलीच सांगत बसलेय.

एका घराचा नकाशा होता. मागच्या कोपऱ्यात संडासाचा शोषखड्डा सकाळी मीच काढला होता, निळ्या रंगात. काळ्यावर निळी रेघ चांगल्या डोळ्यालाही नीट दिसत नाही. दुपारी काकांना त्याच नकाशात पाण्याचा हौद बसवायचा होता. त्यांनी आतून आवाज दिला — बाई, जरा पांढरं करून दे. मी बाहेर चहा पीत होते, मैत्रीण आली होती. "आले, काका," म्हणाले. आणि गेले नाही. चहा संपला, गप्पा संपल्या, मी पर्स उचलली आणि परस्पर घरी गेले.

काकांनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. भिडस्त माणूस. माझं तोंड वाकडं झालेलं त्यांना दिसत असणार, तेवढं दिसायचं त्यांना. ते काळ्यावरच बसले. कोपरा त्यांना रिकामा वाटला. हौद त्यांनी शोषखड्ड्याला खेटून काढला. काम पुरं झालं की 'बराबर' म्हणायचं, अशी त्यांची पद्धत, आणि काकांनी बराबर म्हटलं की सरही पुन्हा बघायचे नाहीत. फ्लॉपी प्रिंट काढायला गेली, कागद तिथूनच मालकाकडे. मिस्त्रीनं कागदावर होतं तसं खोदलं.

घरात माणसं राहायला आली. काही महिन्यांनी घाण झिरपून हौदात उतरली. त्या घरातल्या लहान मुलीला कावीळ झाली. दवाखान्यात पडून होती पोर, सगळ्यांनी आशा सोडलेली. वाचली. ती वाचली हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं आहे की त्या वाक्यात आता काही उरलं नाही.

सरांनी आम्हाला दोघांना समोर उभं केलं. काका म्हणाले, "साहेब, मला दिसलं न्हाई. पडदा काळा व्हता." मग सर माझ्याकडे वळले. हे सॉफ्टवेअर सेटिंग लक्षात ठेवतं की नाही? — एवढाच प्रश्न. लक्षात ठेवतं म्हटलं, तर रोज ते बदलणारं कुणीतरी आहे, आणि ते कोण, हे सांगावं लागलं असतं.

"नाही, सर. रोज करावं लागतं. काकांना माहीत आहे."

काकांनी मान डोलावली. माझ्या बाजूनं, बरं का. "हाव साहेब, बाईनं सांगितल्तं मला." मग थांबले. माझ्याकडे पाहिलं. "पर मी त्या दिशी आवाज दिल्ता वाटतं तुला... का न्हाई दिल्ता?"

"मला आठवत नाही, काका."

ते गेले. सरांनी काढलं असं नाही, तेच दुसऱ्या दिवशी आले नाहीत. डोळ्यांचं दुखणं त्यांना सोसत होतं हो, पण आता आपलं डोकंही आपल्याला धोका देतं असं त्यांना वाटलं असणार. नंतर त्यांनी पेन्सिलही धरली नाही, असं कानावर आलं. त्यांचा दुपारचा वेळ मला मिळाला. पडदा दिवसभर काळा राहिला, कुणी हाक मारली नाही. मला बरं वाटलं — हेही सांगायला हवं. पहिले काही दिवस मला खरंच बरं वाटलं.

पुढे कैक वर्षांनी चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेले होते. रांगेत माझ्यापुढे काका, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून. दिसत जवळपास नव्हतंच. फुलवाल्याशी बोलताना माझा आवाज ऐकला आणि वळले. "बाई का तू?" घरचं सगळं विचारलं, पोरं किती, नोकरी चालू आहे का. मग सुनेला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "एक इचारू का? त्या दिशी मी तुला आवाज दिल्ता का गं? मला लई वर्षं वाटून राह्यलं की दिल्ता. मंग वाटतं, न्हाई, आपलंच डोकं गेल्तं."

सर तिथं नव्हते. नोकरी जायची भीती नव्हती. विचारणारा तो एकटा म्हातारा, आणि रांग तर जागची हलत नव्हती. मला वेळ भरपूर होता.

"आठवत नाही, काका," मी म्हणाले.

"बराबर हाय," ते म्हणाले. उलट माझीच समजूत काढल्यासारखा माझा हात थोपटला. "तुला तरी कसं आठवंल? किती वर्षं झाली." रांग पुढे सरकली, सून त्यांना घेऊन आत गेली.

त्यांनी आवाज दिला होता. मी "आले" म्हणाले होते.