अळणी कणीक

साहेब गेल्याची बातमी टीव्हीवर लागली तेव्हा मी डाळ निवडत होते. खरं सांगते, मनात पहिला विचार त्यांचा आला नाही, थोरल्या जाऊबाईंचा आला. आता दारात पुन्हा कॅमेरे येतील आणि ह्या पुन्हा पदर सारखा करून सांगत बसतील, म्हणून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

झालंही तसंच. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याहून एक पत्रकार मुलगी आली. साहेबांनी एके काळी दिल्लीत बसून देशाचा कारभार पाहिलेला. पद गेल्यावर एका उन्हाळ्यात ते आमच्या कोंढ्याच्या घरी जेवून गेले, आणि त्या एका जेवणावर जाऊबाईंनी वीस वर्षं मिरवलं आहे. साहेब स्वतःचा स्टीलचा पेला पिशवीत घेऊन फिरत. पंखा लावला की बंद करायला सांगत. शेंबड्या पोरालाही 'आप' म्हणत. जेवायला बसण्याआधी चूल कुठं आहे ते विचारून रांधणारीला हात जोडत. हे सगळं मीही पाहिलं होतं, दहा हातांवरून. पण मला कोण विचारतो!

"मावशी, साहेब सोमवारी मीठ खात नसत, हे तुम्हाला आधीच कसं कळलं?" मुलीनं विचारलं.

"आता काय सांगू बाई," जाऊबाई म्हणाल्या, "मनालेच समजलं."

मी आतल्या दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तो तिथंच आपटावा असं वाटलं. कारण त्यांच्या मनाला काहीही समजलेलं नव्हतं. अळणी रोटी माझी होती, आणि ती कशी झाली हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

त्या दिवशी रस-रोटीचा बेत होता. आमच्याकडं आंब्याच्या दिवसांत पाहुणा आला की लांबरोटी होतेच. चुलीवर मातीचा घडा पालथा घालायचा, सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत लांबवायचा आणि घड्यावर टाकायचा. बघणाऱ्याला तेवढंच दिसतं. पण खरी मेहनत कणकेची. मिठाचं पाणी घालत घालत ती तासभर परातीत आपटावी लागते, दंड भरून येतात, तेव्हा कुठं ती तुटल्याशिवाय लांबते. आमच्या घरात कणीक मी मळायची आणि रोटी जाऊबाईंनी टाकायची. लग्नाकार्यात लोक त्यांच्याभोवती गोळा होत. कणीक कोणी मळली, असं एकानंही कधी विचारलं नाही.

सासूबाईंनी त्या दिवशीही तेच ठरवलं. थोरलीची चूल अंगणात, साहेबांच्या समोर. मला म्हणाल्या, "तू आतच राह्य, कणीक कमी नोको पडू देजो." मी बारावी शिकलेली, दोन वाक्यं हिंदीत बोलणारी, म्हणून औक्षणाचं तबक तेवढं माझ्या हाती दिलं होतं. पण ते अर्ध्या मिनिटाचं काम. परत परातीशी येऊन बसले आणि मिठाच्या पाण्याचा गडवा मोरीत ओतून दिला. साध्या पाण्यानं कणीक तिंबली; मीठ नसलं की ती नीट लांबत नाही. अंगणात एकदा तरी थोरलीची फजिती होऊ दे, एवढंच डोक्यात होतं.

पहिली रोटी हातावरच फाटली. मी दाराच्या फटीतून पाहिलं आणि मला बरं वाटलं.

पण साहेबांनी वांग्याची भाजी सरकवली, डाळ सरकवली, आणि ओशाळून म्हणाले, "आज सोमवार है, मैं नमक नहीं लेता." सगळ्यांचे चेहरे उतरले. मग त्यांनी रोटीचा बारीकसा तुकडा तोंडात घातला, आणि लहान मुलासारखे हसले. "अरे, इसमें तो नमक नहीं! आपको किसने बताया?" भासऱ्यांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, छाती फुगवून जाऊबाईंकडं बोट दाखवलं. साहेब रसाबरोबर तीन रोट्या जेवले, उठून चुलीजवळ गेले आणि त्यांना हात जोडले. मी आत परात खरवडत होते. तोंड उघडलं असतं तर माझं पाप आधी बाहेर आलं असतं.

हे सगळं पोटात ठेवून वीस वर्षं काढली. पण पत्रकार मुलगी गेली आणि माझ्यानं राहवलं नाही. "मनालेच समजलं काय तुमच्या?" मी म्हटलं. "मीठ म्या टाकलं नव्हतं. मुद्दाम."

जाऊबाई कप गोळा करत होत्या. थांबल्या नाहीत.

"मले का मालूम नव्हतं? पहिली रोटी फाटली तवाच बोट चाटून पाह्यलं होतं म्या."

"मंग बोलल्या काहून नाही? मिठाचं पाणी टाकून पुन्हा तिंबली असती."

"कायले बोलू? म्या म्हटलं, साहेबानं तोंड वाकडं केलं का सांगीन, कणीक हिनं मळली." त्यांनी कप मोरीत ठेवले. "साऱ्या गावासमोर तुह्या हाती तबक देल्लं, शिकलेली म्हणून. पेपरात फोटो तुहाच आला. मी चुलीपाशी घामानं भिजून पाहून राहिली होती."

मी हसायला हवं होतं. हसू आलं नाही. ती खोडी वीस वर्षं फक्त माझी होती, तीतही जाऊबाईंचा अर्धा वाटा निघाला.

"मंग सांगा ना कॅमेऱ्यापुढं," मी म्हटलं.

"तूच सांग. तुले लिहिता येते."

म्हणून लिहायला बसले. जाऊबाईंना वाचता येत नाही. काल वहीपाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, वाचून दाखव. मी पेल्याचं वाचलं, पंख्याचं वाचलं, मिठाचंही वाचलं. ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "माहं नाव टाकलं काय?"

नाही टाकलं. साहेबांचंही टाकलेलं नाही. ते टाकलं असतं तर जाऊबाईंचंही टाकावं लागलं असतं.