गाडी पसंत करून देणारा

आमच्या पेडण्यात कुणी गाडी घ्यायला निघाला की गावातल्या एका वडीलधाऱ्या जाणकाराला सोबत नेतात. तो दार आपटून कान लावतो, सीट हुंगतो आणि निकाल देतो. बॉनेट उघडायला लावल्याचं मात्र मला आठवत नाही.

धाकट्या भावाला होडीचा ट्रेलर ओढायला पिकअप हवी होती. जुनी गाडी ओल्या उतारावरून ट्रेलरसकट नदीत घसरली तेव्हा तो उडी मारून वाचला होता. धारगळच्या शोरूममध्ये त्याने फोर-व्हील-ड्राइव्हची चौकशी केली, तर हा जाणकार म्हणतो, "कित्याक रे? मागली दोन चाकां पुरो. रंग बघ."

"नदीतून काढलेला ट्रेलर टेम्पोमागे आणलाय. जोडून चढावर बघूया," भाऊ म्हणाला.

"नारळ फोडल्याबगर नव्या गाडयेक ओझां जोडतत?"

भावाने समोरच्या दुकानातून नारळ आणून चाचणीच्या पिकअपच्या चाकापुढे फोडला आणि ट्रेलर जोडला. शोरूममागच्या ओल्या चढावर मागची चाकं जागीच फिरली, गाडी मागे घसरली आणि कुंपणाला टेकून थांबली. भाऊ खाली उतरला.

"नारळ कुसको आसतलो," हा शांतपणे म्हणाला.

माझ्या अंगाची लाही झाली. पुन्हा जिवावर बेतलं असतं आणि दोष काय, तर नारळ सडका! त्याच नारळाची कातळी माझ्या तोंडात होती, चांगली गोड. पण तो वयाने मोठा, चारचौघांत त्याला कसं बोलायचं? मी मान डोलावून म्हणालो, "आसतलो."

भाऊ आम्हा दोघांकडे न बघता सेल्समनला म्हणाला, "फोर-व्हीलची दाखवा."