खरमासात वाजलेलं डफडं

थंडीला गुलाबी म्हणणाऱ्या माणसाने एकदा जानेवारीत बालाघाटकडच्या उकवा गावाला यावं आणि सकाळी सहाला रुख्माबाईच्या तबेल्यातल्या टाकीत हात घालून दाखवावा. कळ थेट कोपरापर्यंत जाते. घोड्यांना थंडी बाधत नाही, असं गावाचं मत आहे. गावाला काय, मत द्यायला शाल सोडून उठावं लागत नाही.

रुख्माबाई आणि तिचा नवरा भोजराज यांच्याकडे लग्नाच्या वरातीला लागणाऱ्या पाच घोड्या होत्या. भोजराजचा गुडघा धरल्यापासून सगळा कारभार तिच्यावरच होता. डिसेंबरात खरमास लागला की महिनाभर लग्नं बंद, आणि घोड्या नुसत्या दावणीला उभ्या. पोट भरलेलं असलं की अंगात ऊब राहते, अशी तिची पक्की समजूत. यंदा थंडी कडक, म्हणून तिने धानाची सुकी तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, दुप्पट टाकली. मायेने टाकली आणि तिथेच चुकली. गार पाण्याला घोड्या नुसतं तोंड लावून मागे सरत होत्या. काम नाही तर तहान कशाला लागेल, असं म्हणून ती निर्धास्त राहिली.

त्या सकाळी मैना, तिची सगळ्यांत थोरली पांढरी घोडी, पुढच्या पायाने जमीन उकरत होती आणि मान वळवून सारखी आपल्या पोटाकडे बघत होती. मागची जागा कोरडी ठणठणीत. आदल्या दुपारपासून लीद पडलीच नव्हती. अशाच पोटदुखीने गेलेली एक घोडी रुख्माबाईने सासऱ्यांच्या वेळी पाहिली होती.

तिने बालाघाटच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, सुका चारा पाण्याविना आतड्यात अडकलाय; चारा बंद करा, कोमट पाणी पुढे ठेवा आणि तिला चालवत राहा. लोळली तर आतडं पिळलं जाईल. धुक्यात घाट चढून यायला त्यांना दोन-अडीच तास तरी लागणार होते.

पण मैना चालेल तर ना. दोन पावलं टाकायची आणि खाली बसायला बघायची. रुख्माबाईने गोंजारलं, लगाम ओढला, शेवटी चिडून चार शब्दही ऐकवले. भोजराज लंगडत बाहेर आला.

"अशी नाही चालत ते," तो म्हणाला. "तिले डफडं पाहिजे."

"खरमासात? लोक काय म्हनतीन?"

"लोकायची घोडी हाय काय?"

ती शेजारच्या महागूला उठवून घेऊन आली. आयुष्यभर त्याने वरातीतच वाजवलेलं; पण थंडीने डफड्याचं कातडं ढिलं पडलं होतं आणि थाप मारली की नुसतं भद्द वाजत होतं. तापवल्याशिवाय ते बोलणार नव्हतं. तो शेकोटीवर डफडं फिरवत बसला आणि इकडे मैनेने पुढचे गुडघे टेकले. रुख्माबाईने तिच्या बरगड्यांना खांदा लावला आणि तिला रडूच फुटलं. "बसू नको वं माय," ती म्हणाली. "चूक माही हाय."

तेवढ्यात कडाडून थाप पडली. मैनेचे कान उभे राहिले. ती धडपडत उठली आणि मान ताठ करून तिने वरातीची चाल धरली. पुढे महागू, मागे घोडी आणि बाजूला घोंगडी पांघरलेली रुख्माबाई, अशी नवरदेवाविना वरात निघाली. दारं भराभर उघडली. गावाजवळच्या खाणीत पहिल्या पाळीला निघालेल्या दोघांनी मोटारसायकल थांबवली. कोपऱ्यावरच्या लीलाबाईने तर खरमासात कोणाचं लग्न काढलं म्हणून दटावूनच विचारलं. रुख्माबाई लगाम धरून तशीच पुढे गेली.

तिसऱ्या फेरीला शाळेसमोर मैना थांबली. तिने शेपूट उचललं. आधी दोन-चार सुके गोळे पडले आणि मग चांगली घमेलंभर, वाफाळती लीद. रुख्माबाईचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच रस्त्याच्या कडेला बसली आणि भर गावात मोठ्याने हसली. घरी येताच मैना अर्धी बादली कोमट पाणी प्यायली.

डॉक्टर आले तेव्हा साडेनऊ वाजले होते. रुख्माबाईने त्यांना ना चहा विचारला, ना बसा म्हटलं. बाहीला धरून थेट शाळेसमोर नेलं. तिथे भोजराजला तिने मघापासून राखणीला उभं केलं होतं, कोणी त्या लिदीवर गाडी घालू नये म्हणून.

"पाहा सायेब," ती म्हणाली, "कशी साजरी हाय."