कांदाचाळीतलं जेट

तात्यांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नाचा मांडव रिजेक्ट केला होता, ही गोष्ट आमच्या कंपनीत नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. चाकणला ब्रेकचे भाग बनवणाऱ्या त्या कंपनीत ते क्वालिटीला होते. खिशात कायम टॅगचा गठ्ठा: लाल म्हणजे नापास, हिरवा म्हणजे पास. मांडवाचा एक खांब डुगडुगला, तात्यांनी त्याला लाल टॅग बांधला आणि वऱ्हाड दारात असताना खांब बदलून घेतला. मी लातूरहून आलेली, थेरगावात खोली घेऊन राहणारी डिप्लोमावाली. मला वाटलं, लोक वाढवून सांगतात. आठवड्याभरात माझ्या जेवणाच्या डब्याला लाल टॅग लागला, झाकण नीट बसत नव्हतं म्हणून.

तात्या चाकणजवळच्याच निघोज्याच्या जुन्या शेतकरी घरातले. जमीन कंपन्यांना गेली तेव्हा भावकीत मोठमोठ्या गाड्या आल्या. तात्यांनी लाकडी खोकी मागवली. त्यांत विमान होतं. खेळण्यातलं नव्हे, एका माणसाचं, एका इंजिनाचं, घरी जोडायचं खरंखुरं जेट. लहानपणी लढाऊ विमानं त्यांच्या शेतावरून जायची. बैल बिथरायचे आणि हा गडी आवाजाच्या मागं बांधाबांधानं पळत सुटायचा. भावकी म्हणाली, तात्याचं डोकं फिरलं. तात्या म्हणाले, "गाडी काय, कुनीबी घेतंय."

विमान रिकाम्या कांदाचाळीत जोडायला घेतलं आणि गुरुवारच्या सुट्टीला मी मदतीला जायला लागले. दिवसभर ब्रेकचे भाग मोजणाऱ्या बाईला कुणी पंख दाखवले, तर ती घरी बसेल का? सहा वर्षं हे चाललं. मधल्या काळात तात्या रजा काढून परजिल्ह्यात विमान चालवायला शिकले आणि परवाना घेऊन आले. पत्रे जोडणारा रिव्हेट बसला की डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवायचे. "डोळा लबाड आसतो, अंगठा न्हाई," म्हणायचे. एकदा जवळजवळ पुरा झालेला पंख त्यांनी उसवायला लावला. मी रागानं रडले, आणि पुढच्या गुरुवारी परत गेले.

इंजिन पहिल्यांदा सुरू करायच्या दिवशी भलतीच अडचण निघाली: कांद्याची सालं. जेट समोरचं सगळं आत ओढतं, आणि तात्यांचं अंगण म्हणजे कांद्याच्या सालांचं माहेर. तात्यांनी बायकोपासून, म्हणजे आमच्या काकूंपासून, व्याह्यांपर्यंत सगळ्यांना एका ओळीत वाकवलं आणि अंगण वेचून घेतलं. तिसऱ्या खेपेला एक साल सापडलं, तर अख्ख्या अंगणाला लाल टॅग. चौथ्या खेपेनंतर, दोरखंडांनी बांधलेल्या त्या विमानाचं बटण दाबलं. आधी बारीक शिट्टी, मग ती चढत चढत गेली, रॉकेलसारखा वास सुटला आणि मागं वाळत घातलेली गोधडी उडून शेजारच्या आवारात पडली. मी चक्क नाचले.

पहिल्या उड्डाणाची परवानगी आली. आठ दिवस उरले असताना तात्यांनी मला चाळीत बोलावून सांगितलं, छातीचे ठोके मधेच चुकतायत. घरी कुणाला माहीत नव्हतं. परवान्यासाठी झालेल्या वैद्यकीय तपासणीची मुदत अजून काही महिने होती, म्हणजे कागदावर सगळं ठीक. मीच म्हणाले, एकदाच तर जायचंय, दहा मिनिटांत खाली. खरं सांगते, मला ते विमान तात्यांसकट आकाशात बघायचं होतं, त्यापुढं काही सुचत नव्हतं.

"पोरी, हे डेव्हिएशन झालं," तात्या म्हणाले. माप थोडं चुकलेला माल वरच्यांच्या सहीनं सोडायचा, त्याला कंपनीत डेव्हिएशन म्हणतात. तात्यांनी तीस वर्षांत असा माल कधी सोडला नव्हता. त्यांनी खिशातून लाल टॅग काढला, लिहिला आणि स्वतःच्या शर्टाच्या गुंडीला बांधला. भाग: पायलट. कारण: ठोके मापात नाहीत.

मग तात्यांऐवजी उडवायला हवाई दलातून निवृत्त झालेले एक साहेब आले. पंख सोडवून विमान ट्रकनं धावपट्टीवर नेलं, परत जोडलं. तात्या तो टॅग लावूनच उभे. कुणी विचारलं की वाचायला देत. विमान धावलं आणि बघता बघता उचललं. काकू ओरडत होत्या, मी ओरडत होते. तात्या डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होते. त्यांचा अंगठा हवेत हलत होता.

साहेब उतरले आणि म्हणाले, "तात्या, हात सोडला तरी सरळ जातंय."

तात्यांनी हिरवा टॅग काढला. स्वतःचा अंगठा फिरवल्याशिवाय त्यांनी आजवर तो कशालाच लावला नव्हता. तो त्यांनी साहेबांपुढं धरला. "तुमी लिवा. तुमी बसला व्हता."

आनंदाच्या भरात मी त्यांच्या गुंडीचा लाल टॅग सोडायला गेले. त्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. दोन्ही खरेच हायेत."

तात्या जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या जागेवर आता मी बसते. काकूंनी दिलेला तो लाल टॅग माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. बाहेर ट्रक खोळंबलेला असतो, एखादा साहेब सही घेऊन मागं लागतो, एवढ्यानं काय होतंय म्हणतो. मी डोळे मिटते आणि भागावरून अंगठा फिरवते.