कुंकवाचं पुस्तक

आमच्या मुरुडच्या वाचनालयात, बालविभागात, माझं नाव आहे. वय वर्षं चौऱ्याहत्तर.

हे झालं दसऱ्यामुळं. दसऱ्याला अवजारांबरोबर पाटी-पुस्तकाची पूजा करायची, पण घरात पुस्तक कुठलं? मी दुसरीतूनच म्हशींमागं गेलेला माणूस. आमच्या गुरुजींकडं पत्र्याच्या पेटीत पुस्तकं होती, पण पेटीला कायम कुलूप! कधीमधी उघडली की जो वास यायचा, तेवढंच आमचं वाचन. तो वास अजून नाकात आहे. म्हणून तिसरीतल्या माझ्या नातीनं, चिमीनं, वाचनालयातून आणलेलं पुस्तक मी विळ्या-खुरप्यांशेजारी मांडलं.

"आबा, ते आपलं न्हाई. शनवारी परत द्यायचंय."

"सरस्वती कुणाची बी असू दे, पूजा आपल्या घरची," म्हणत मी जोशात नारळ फोडला. पाणी सगळं पुस्तकावर! (नारळ लई पाणीदार निघाला, याचं मला आधी कौतुकच वाटलं.) पुसायला गेलो तर हाताचं कुंकू पुस्तकभर. चुलीजवळ वाळवलं तर शेवटची दोन पानं चिकटली. सोडवायला गेलो, ती फाटून हातातच आली.

जुनं दिल्याशिवाय नवं पुस्तक नाही, असा वाचनालयाचा नियम. म्हणून शनिवारी मीच गेलो आणि वाचनालयाच्या बाईंना ठणकावलं, की पूजेतल्या पुस्तकाला फाटकं म्हणत नाहीत.

बाई शांतपणे म्हणाल्या, "बरं. मग पुढच्या पोराला शेवट कोण सांगणार?"

ती दोन पानं लिहून डकवेपर्यंत चिमीचं कार्ड बंद. चिमीला गोष्ट तोंडपाठ होती, मी लिहिते म्हणाली. पण मी हटून बसलो. नारळ मी फोडला, लिहिणार मीच!

आठ दिवस ती सांगायची, मी लिहायचो. ओळी नव्या गड्यानं नांगरल्यासारख्या, एक रेघ वर, एक खाली. शेवटाला मात्र अडलो. गोष्टीतला म्हातारा आपला गोऱ्हा बाजारात विकतो.

"म्या न्हाई विकणार."

"आबा, पुस्तकात तसंच हाय."

"मग पुस्तकवाल्याला जनावरातलं कळत न्हाई."

मी लिहिताना गोऱ्ह्याला दावं तोडायला लावून घरी आणलं, पानं डकवली, आणि चिमीचं कार्ड सुरू झालं. पण महिन्याभरात गावातलं प्रत्येक पोरगं ते कुंकवाचं पुस्तकच मागायला लागलं. बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "लोकांच्या गोष्टी बदलायच्या आधी दोन-चार वाचा तरी." आणि माझं नावच बालविभागात घातलं. तिथं नाव घालायला जामीन लागतो. चिमी माझी जामीन झाली.

त्याला चार महिने झाले. पहिलंच पुस्तक अजून माझ्याकडं आहे. संपल्याशिवाय मी परत देणार नाही, आणि सध्या सातव्या पानावर आहे. जामीन म्हणून चिमीचं कार्ड पुन्हा बंद झालंय. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी हातात पट्टी घेऊन माझ्यासमोर बसते.