शेठजींचे चार दाणे

‘जो मुलूख कच्चा माल विकतो तो गरीब राहतो, जो पक्का माल विकतो तो पुढे जातो.’ आमच्या जळगाव जामोदचे डाळमिलवाले शेठजी हे म्हणताना खिशातून तुरीचे चार दाणे काढून तळहातावर ठेवत. शाळेच्या स्नेहसंमेलनात म्हणत, लग्नात वधूवरांना आशीर्वाद देतानाही म्हणत. वाक्य मी लिहून दिलेलं होतं. दाणे त्यांचे.

माणूस मला कधीच आवडला नाही. पण शाळेचे पंखे त्यांनी दिलेले, म्हणून मुख्याध्यापकांनी मला त्यांच्या भाषणांना जुंपलं होतं.

मिलमध्ये डाळ निवडायला बारा बाया होत्या. मग डाळ निवडायचं मशीन आलं, तालुक्यातलं पहिलं. फीत कापली आणि दुसऱ्या दिवसापासून बायांना येऊ नका म्हणून सांगितलं. अकरा जणी शेतात तण निंदायला लागल्या. सुमनबाईचे गुडघे वाकत नव्हते. पाय लांब करून सूप मांडीवर घ्यायचं, एवढंच काम तिला जमण्यासारखं होतं. ती फाटकाशी येऊन उभी राहिली. मी भाषणाचा कागद घेऊन तिथेच होतो.

“मले शिकवा ना मशीन, शेठजी.”

“तुले? दहावी पास माणूस लागते त्याले.”

“खडा पाहाले कितवी लागते?”

शेठजी हसले. “मशीन खडा नाही पाहत बाई, रंग पाहते.”

मशीनबद्दल ते एवढं एकच खरं बोलले, आणि ते मी लिहून दिलेलं नव्हतं. डाळीच्या रंगाचा खडा मशीनला डाळच वाटे. खामगावच्या व्यापाऱ्यांनी पोती परत धाडली, तेव्हा शेठजींनी त्यांना प्रगतीचे शत्रू ठरवलं. ते शब्द माझेच.

पुढे एकदा त्यांच्या घरी गेलो, तर मागच्या अंगणात सुमनबाई सूप घेऊन बसलेली. महिन्यातून एक दिवस, घरच्या डाळीपुरती. शेठजींनी माझी नजर पकडली.

“घरचं वेगळं असते, सर.”

मग मिलमध्येच का घेत नाही, मी विचारलं.

“मिल पाहाले पाहुणे येतात. सूप दिसलं तं काय म्हणतीन?”

मागच्या हिवाळ्यात शेठजी गेले. शोकसभेत त्यांना ‘तालुक्याच्या औद्योगिक पहाटेचे शिल्पकार’ म्हटलं गेलं. लिहिणारा मीच.

तेरवीला दोनशे पानं होती. त्यांच्या मुलानं सुमनबाईला बोलावणं धाडलं. ती आदले दोन दिवस सूप घेऊन मिलमध्ये बसली, बंद मशीनच्या शेजारी, पाय लांब करून.

वरणात कुणालाच खडा लागला नाही.